पांढरी पाचच्या किंचित वर

यंदा गणपतीत आमच्याकडे आरतीला आलेल्यांनी टीव्हीशेजारच्या कपाटावर पेटलेल्या तीन काचेच्या नळ्या पाहिल्या आणि बहुतेकांनी तेच दोन प्रश्न विचारले. हे काय आहे? आणि याला शॉक वगैरे लागत नाही ना? पहिल्याचं उत्तर तिथेच देऊन टाकलं : व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, घरी बांधलेला. दुसऱ्याचं उत्तर हातात प्रसादाची वाटी असताना देण्यासारखं नव्हतं. म्हणून अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घेतला.

आम्ही इंटरनॅशनल सिटीत, पर्शिया क्लस्टरमध्ये राहतो. ज्यांनी ही वसाहत पाहिली नाही अशा गावाकडच्या नातेवाइकांसाठी : इथले मोहल्ले देशांच्या नावाचे आहेत. आम्ही इराणात झोपतो आणि कोथिंबीर संपली की फ्रान्सला जातो. घर एका बेडरूमचं, भिंतीपलीकडे शेजारी. इथे पाच वॅटच्या वर आवाज कुणाला हवाय?

अ‍ॅम्प्लिफायर माझा म्हणायचा, पण डोकं वडिलांचं. मिरजेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. ठाण्यात बनणारे मर्फीचे रेडिओ, गणेश मंडळांचे कर्णे, उरुसातले लाउडस्पीकर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. मला मात्र त्यांनी सोल्डरिंगच्या इस्त्रीला कधी हात लावू दिला नाही. "तू शीक. हे माझ्यापाशी संपू दे." मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, दुबईत एसीच्या डक्टची अंदाजपत्रकं करायला लागलो. करोनात दुकान बंद झालं. त्यानंतर त्यांचे हात थरथरू लागले, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक लाकडी पेटी काढायला लावली. आत दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, एक मोठा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटरचा पुडा आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बीईएलचे, न वापरलेले व्हॉल्व्ह. "एक जोडी मला वाजलेली ऐकायची आहे," एवढंच म्हणाले. बॅगेतलं चिवड्या-लाडवांचं वजन त्या वर्षी लोखंडाने घेतलं.

व्हॉल्व्हचं काम समजायला सोपं आहे. नळीतला हीटर कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि वरच्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड नावाची जाळी असते. तिच्यावरचा इवलासा व्होल्टेज तो मोठा प्रवाह कमी-जास्त करतो, तोटीने पाणी सोडावं तसा. आमच्या यंत्रात पुढे एक ईसीसी ८३ आणि मागे डाव्या-उजव्या बाजूला एकेक ईएल ८४. फक्त हे सगळं चालायला प्लेटवर अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी लागतो. चेष्टा नव्हे ती.

म्हणून पहिली सूचना सिरीज बोर्डाची आली. आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिककडे तो असतो : वस्तूच्या वाटेत एक साधा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. एलईडी इथे चालत नाही, तारेचाच बल्ब हवा, आणि तो आता दुकानांत दिसेना. शेवटी ड्रॅगन मार्टमध्ये ओव्हनच्या आत लावायचा ४० वॅटचा दिवा मिळाला. व्हॉल्व्ह न बसवता पहिली चाचणी त्यावर घेतली. दिवा जेमतेम लालसर झाला. पास.

व्हॉल्व्ह बसवले, आणि डावीकडून कुकरलाही लाजवेल अशी शिट्टी. हा दोष वडिलांनी फोनवर अर्ध्या मिनिटात पकडला. आवाज स्वच्छ राहावा म्हणून स्पीकरकडचा थोडा अंश उलटा करून पुढच्या व्हॉल्व्हला परत देतात. माझ्या डाव्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या, त्यामुळे तो अंश उलटा न जाता सुलटा जात होता आणि यंत्र स्वतःच्याच आवाजावर ओरडत होतं. परतीचा रेझिस्टर सोडवला, शिट्टी थांबली. निदान पक्कं झालं. मग तारा फिरवल्या.

शिट्टी गेल्यावर तिच्याखाली दबलेली घरघर उघडी पडली. दोन्ही स्पीकरमधून, सारखी, आवाजाचं बटण शून्यावर असतानाही. आणि इथे आमचं संभाषण अडलं. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच, आम्ही बोटिमवर बोलतो. मी फोन स्पीकरला टेकवून धरला तर वडील म्हणाले, "छान आहे की. काहीच नाही." ही अ‍ॅप्स बोलण्यामागचा एकसुरी आवाज हुशारीने गाळून टाकतात. मला जो आवाज झोपू देत नव्हता तो मिरजेपर्यंत पोचतच नव्हता.

मग मी आपल्या अकलेने निघालो. घरघर म्हणजे फिल्टरचा कपॅसिटर लहान, असं कुठेतरी वाचलेलं. ४७ मायक्रोफॅरडचा काढून १०० चा लावला. फरक नाही. २२० चा लावला. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवले होते. एकदा चालू करून नव्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजला, तीनशेच्या बराच वर. प्लग काढला, चहा पिऊन दहा मिनिटांनी बसलो आणि उजव्या हाताची दोन बोटं चुकीच्या जागी टेकली.

कोपरापर्यंत कुणीतरी हातोडा मारल्यासारखं झालं. इस्त्री गालिच्यावर पडली. लेक, वय वर्षं नऊ, दारात उभी होती.

प्लग काढलेला असूनही असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. गरम व्हॉल्व्ह बंद केल्यावरही कपॅसिटरमधला साठा पिऊन टाकतात. मी व्हॉल्व्हच काढून ठेवले होते. साठा जाणार कुठे? दोन बोटं एकाच हाताची होती म्हणून हे लिहायला उरलो. तोच प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, गेला असता तर गोष्ट वेगळी होती.

बायकोने पेटी कपाटावर चढवली. वडिलांना मी मेसेजवर खरं काय ते कळवलं. दोन दिवस त्यांचं उत्तर नाही. टिकमार्क निळे, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे व्हॉइस नोट आली : "कंडेन्सरच्या दोन टोकांवर शंभर किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर कायमचा लाव. बंद केल्यावर तीन मिनिटं थांब. मग मीटरने मोज. शून्य दिसल्याशिवाय हात नाही. आणि मोजताना डावा हात खिशात. हे मी तुला दुकानातच शिकवायला हवं होतं." शेवटचं वाक्य ते इतक्या हळू बोलले की मी दोनदा ऐकलं.

तर, आरतीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. आज त्या यंत्रात तो रेझिस्टर आहे, खाली पत्रा आणि वर जाळी स्क्रूने बंद आहे, डबा तिसऱ्या पिनेच्या अर्थिंगला पक्का बांधलेला आहे आणि प्लगमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज आहे. घरघर घालवायला अर्थिंगची पिन सोडवा, असा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे चहासुद्धा घेऊ नका.

पेटी कपाटावरून खाली यायला आठवडा गेला. मग वडिलांनी विचारलं, "घरघर कुठल्या पट्टीत आहे?"

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. सतारमेकर गल्लीशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला तंबोऱ्याची जवारी लागताना रोज ऐकू यायची. लेकीचा कीबोर्ड काढला. ती सर्वांत डावीकडच्या सप्तकात एकेक पट्टी दाबत गेली आणि म्हणाली, "पांढरी पाच. पण बाबा, हे त्याच्या थोडं वर आहे." तिथली पांढरी पाच सेकंदाला ९८ कंपनांची. थोडं वर म्हणजे १००.

मिरजेहून उत्तर आलं : "मग हीटर निर्दोष." इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. हीटरला ती तशीच जाते, त्यामुळे हीटरची घरघर ५० ची, एक सप्तक खाली, लेकीच्या कीबोर्डच्या बाहेर. डीसी बनवणारा डायोडचा पूल मात्र लाटेची खालची बाजूही वर वळवतो, म्हणून त्याच्या मागे सेकंदाला १०० ठोके. दोष डीसीच्या घराण्यातला.

"आता बंद कर, थंड होऊ दे, पुढचा छोटा व्हॉल्व्ह काढ, पुन्हा लाव." ईसीसी ८३ काढला. घरघर गायब. कपॅसिटर कमी पडत असता तर तो काढूनही मागच्या ईएल ८४ मधून ती आलीच असती. म्हणजे मी दोन आठवडे ज्याला बदलत होतो तो निरपराध होता. घरघर डीसीचीच, पण शिरत होती अगदी पुढच्या दारातून.

मी चेसिसच्या पोटाचा फोटो पाठवला. त्यांनी त्यावर बोटाने एक वाकडंतिकडं लाल वर्तुळ काढून परत पाठवला. डायोडच्या पुलाची ऋण तार मी सोयीसाठी इनपुटच्या सॉकेटपाशी, गाण्याची अर्थ तार जिथे जोडली होती तिथेच, टेकवली होती. कपॅसिटर भरताना येणारे प्रवाहाचे झटके त्याच वाटेने परतत होते. "पिण्याच्या पाटात गटार सोडलंस." ती तार उचलून थेट कपॅसिटरच्या ऋण टोकाला नेली, तिथून पुढे बाकीचं. एक वीतभर तार आणि दोन जोड. रात्री चालू केल्यावर फक्त एसी ऐकू येत होता.

इथे थांबलो असतो, पण बायकोला उजवी नळी जास्त छान दिसते असं वाटलं. लाल प्लेट! लगेच बंद केलं. मग एकेक मिनिट चालू ठेवून मोजमाप. दोन्हींच्या कॅथोडखाली १३५ ओहमचे रेझिस्टर आहेत. डावीकडे ७.४ व्होल्ट, म्हणजे ५५ मिलिअँपिअर. उजवीकडे ९.४, म्हणजे ७० च्या घरात. ईएल ८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट, हा पंधराच्या वर खात होता. उजव्या ग्रिडवर शून्य हवं तिथे ३ व्होल्टच्या वर. दोन व्हॉल्व्हच्या मधला कपॅसिटर गळत होता : त्याने गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचा, तो डीसीही झिरपू देत होता.

हा कपॅसिटर पेटीतला होता. त्याच्यावर वडिलांच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने, 'ओके' लिहिलेलं. मी आकडा कळवायला अर्धा तास घेतला. बोटिमवर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीटरच्या बॅटरीवर तो ओकेच दिसणार. दोनशे व्होल्ट बसले की कळतं. पुड्यातले सगळे काढ, डावीकडचापण." डावीकडचा चांगला होता, असं मी म्हणालो. "आज चांगला आहे," ते म्हणाले.

नवे कपॅसिटर दोन्हीकडे बसवले. लाल लिहिलेले, निळे लिहिलेले, सगळे 'ओके' लेकीने एका बरणीत भरून ठेवलेत.

मग एक तबकडी लावली आणि कॉल न करता नीट रेकॉर्ड करून फाइल पाठवली, म्हणजे मधे कुणी हुशारी करणार नाही. मिरज आपल्यापेक्षा दीड तास पुढे, तिथे झोपायची वेळ झाली असणार. निळे टिकमार्क आले. वीस मिनिटं काही नाही, म्हणजे त्यांनी तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकली. मग व्हॉइस नोट :

"ऐकलं. उजव्याचा कॅथोड किती?"

साडेसात, मी कळवलं.