सहा महिने कोणी ‘दिले’ नाहीत

अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले, तेव्हापासून एक प्रश्न सतत कानावर येतो: “आपल्या माणसाला सहाच महिने का दिले?” प्रश्नामागची कळकळ समजते. पण ‘दिले’ हा शब्दच चुकीचा आहे. सरन्यायाधीशपदाला ठरावीक मुदत नाहीच. राज्यघटनेच्या कलम १२४ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत पदावर राहतात; सरन्यायाधीशांनाही तोच नियम. त्या न्यायालयात जे सर्वांत आधी आले, ते सरन्यायाधीश होतात, हा प्रघात.

पटत नसेल तर जन्मतारखा शेजारी शेजारी मांडा. आधीचे सरन्यायाधीश संजीव खन्ना यांचा जन्म १४ मे १९६० चा, गवईंचा २४ नोव्हेंबर १९६० चा. खन्नांना ६५ पूर्ण झाली त्याच दिवशी गवईंनी शपथ घेतली आणि स्वतःच्या ६५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते निवृत्त झाले. उदय लळित यांना ७४ दिवस मिळाले, तेव्हाही हीच हळहळ होती. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणांचा जन्म २७ ऑगस्ट १९५७, त्यांच्यामागून आलेल्या लळितांचा ९ नोव्हेंबर १९५७. बोटांवर मोजा, अंतर ७४ दिवसच भरतं. यात कट कुठे आला?

सरकारने कधी ढवळाढवळ केलीच नाही, असं मी म्हणत नाही. १९७३ मध्ये तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना नेमलं, १९७७ मध्ये एच. आर. खन्नांना (संजीव खन्नांचे हे काका) डावलून एम. एच. बेग यांना. तो अन्यायच होता. पण तेव्हा रांग मोडली होती, कोणाची मुदत कापली नव्हती.

विचारायचंच तर हे विचारा: न्यायाधीशांना दिल्लीला कोणत्या वयात बोलावतात? यशवंतराव चंद्रचूड ५२ व्या वर्षी गेले आणि पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. गवई गेले ५८ व्या वर्षी. कोणतं प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात. ती घडी बसवायला ७४ दिवस फार अपुरे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

असेच आणखी काही दावे कानावर येतात. “आपले न्यायाधीशही अमेरिकेसारखे आजन्म असतात.” नाही. वयाची अट तिथे नाही, म्हणून मुदत घालण्याची मागणी तिथे होते.

“मुदत घातली की न्यायालय दुबळं होतं.” जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात १२ वर्षांचीच मुदत असते, पुन्हा नेमणूक नाही. ते न्यायालय दुबळं नाही.

“निवृत्तीनंतर कोर्टात वकिली करतात.” कलम १२४(७) वाचा, भारतातल्या कोणत्याही न्यायालयात त्यांना उभं राहता येत नाही.