आई-बाबांचा बँड, आपली रेवा

उज्जैनच्या मराठी घरांत गाण्याचा कार्यक्रम म्हटला की ठरलेली नावं निघतात: कालिदास समारोह, श्रावण महोत्सव, गणपतीतली सुगम संगीताची संध्याकाळ. बँड म्हटलं तर आजीला वरातच आठवते. पण १९९०-२००० च्या सुमाराला कॉलेजात असलेल्या आपल्या आई-बाबांचेही काही लाडके बँड होते. त्यांतला ‘इंडियन ओशन’ अजून रंगमंचावर उभा राहतो. इंदूर-भोपाळकडे एखाद्या नव्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम असल्याचं कळलं, तर ‘ते बाबांच्या वेळचं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांचं एक गाणं आपल्या शेजारच्या नदीचं आहे.

सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड सुरू केला. पुढे राहुल राम आणि अमित किलम त्यात आले. २००० साली त्यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम निघाला. ‘माँ रेवा’ हे गाणं त्यातलंच. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, तेव्हा खोऱ्यातलं हे लोकगीत त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

लोकांच्या तोंडची चाल मोठ्या मंचावर नेणं माळव्याला नवं नाही. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले. त्या आजारपणात कानावर पडलेली माळवी लोकगीतं त्यांनी पुढे मैफलीत आणली. आपल्याच जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर कबीर गातात. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन ओशनने लोकगीत बास गिटार, ड्रम आणि तबल्याच्या साथीला आणून बसवलं.

जुना बँड प्रत्यक्ष ऐकताना एक गोष्ट मात्र टोचते. आवाज तोच नसतो. अशीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. त्यांच्यानंतर हिमांशु जोशी गायला, तुहीन चक्रवर्ती तबल्याला आणि निखिल राव गिटारला आले. ‘कॅसेटवर होतं तसं आता राहिलं नाही,’ अशी आई-बाबांची तक्रार असेल, तर ती खोटी नाही.

पण उज्जैनकराला यावर थोडा वेगळा विचार करता येईल. २०१४ पासून जोडप्रकल्पाच्या जलवाहिनीतून नर्मदेचं पाणी आपल्या क्षिप्रेत येतं. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी रामघाटावर डुबकी घेतली, तेव्हा त्या प्रवाहात रेवाही होती. नदी आटल्याचं दुःख खरं, आणि घाटावर पुन्हा पाणी आल्याचा आनंदही खरा. बँडचंही तसंच समजा. गेलेल्या गायकाची जागा रिकामीच राहते, पण गाणं वाहतं ठेवायला कुणीतरी यावं लागतं.

आणि हे गाणं समोर बसूनच ऐकण्यासारखं आहे. मोबाइलवर ते दर वेळी तेवढंच आणि तसंच वाजतं. मंचावर तबला आणि ड्रमची सवालजवाबी रंगते, एखादी ओळ लांबते, प्रेक्षक साथ धरतात. या बँडचा ‘डेझर्ट रेन’ हा १९९७ चा अल्बमसुद्धा कार्यक्रम चालू असतानाच ध्वनिमुद्रित झाला होता.

नव्या जागी जाताना एक साधी युक्ती लक्षात ठेवा. अगदी पुढे घुसू नका. तिथे स्पीकरचा दणका जास्त आणि शब्द कमी ऐकू येतात. आवाज जुळवणाऱ्या माणसाचं टेबल कुठे आहे ते बघा आणि त्याच्या आसपास जागा धरा. तो जे ऐकून आवाज बसवतो, तेच तुम्हाला ऐकू येईल. लहान भावंडं बरोबर असतील तर त्यांच्या कानांसाठी इअरप्लग घ्या.

सिंहस्थ २०२८ च्या तयारीत आपलं शहरही झपाट्याने बदलतं आहे. नव्या जागा होतील, तिथे नवे कलाकार येतील. त्यांना जरूर ऐका. पण जुन्या बँडची जाहिरात दिसली, तर तिकिटं काढताना आई-बाबांचीही काढा. परतीच्या गाडीत त्यांना त्यांच्या कॉलेजबद्दल विचारा. त्या दिवशी ते नक्की सांगतील.