शिष्यवृत्तीची वजावट कोणत्या रकान्यातून?

अमेरिकेतील पदवी शिक्षणासाठी मिळणारे आर्थिक साहाय्य म्हणजे सुट्या बक्षिसांची बेरीज नसून तो एकमेकांत गुंतलेला हिशेब असतो, आणि त्यामुळे एखाद्या संस्थेने गुणवंत विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती त्याच्या कुटुंबाचा भार तेवढ्याच रकमेने हलका करील, असे गृहीत धरता येत नाही. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेत विद्यार्थी 'फाफ्सा' हा अर्ज भरतो, त्यातील उत्पन्न व मालमत्तेच्या तपशिलावरून कुटुंबाची ऐपत दाखवणारा 'स्टुडंट एड इंडेक्स' हा आकडा निघतो, आणि शुल्क, निवास, भोजन, पुस्तके व प्रवास धरून महाविद्यालयाने ठरवलेल्या वार्षिक खर्चातून तो वजा केल्यावर जे उरते, त्याला 'गरज' म्हणतात. गरजेवर आधारित साहाय्य आणि बाहेरची शिष्यवृत्ती यांची बेरीज या गरजेपेक्षा जास्त होऊ नये, असा संघीय नियम आहे.

उदाहरणादाखल, वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर आणि ऐपतीचा आकडा १५,००० असेल, तर गरज ४५,००० ठरते. महाविद्यालयाच्या साहाय्यपत्रात ३४,००० अनुदान, ३,५०० व्याजसवलतीचे कर्ज (शिक्षण चालू असेपर्यंत ज्याचे व्याज सरकार भरते) आणि २,५०० 'वर्क-स्टडी', म्हणजे अर्धवेळ कामाचे वेतन, असे ४०,००० मांडले आहेत, असे समजू. अशा विद्यार्थ्याला ८,०००ची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिले ५,००० न भागलेल्या गरजेत जिरतात आणि वरचे ३,००० कुठून तरी कमी करावेच लागतात. ते कर्जातून कमी झाले, तर विद्यार्थी तेवढ्या ऋणातून सुटतो. अनुदानातून कमी झाले, तर ती रक्कम अप्रत्यक्षपणे महाविद्यालयाच्याच तिजोरीत परत जाते. काही महाविद्यालये तर न भागलेली गरज तशीच ठेवून सगळे ८,००० आपल्या अनुदानातून वळते करतात, आणि निबंध लिहून, मुलाखती देऊन मिळवलेल्या यशानंतरही घरच्यांना भरावी लागणारी रक्कम एका डॉलरनेही घटत नाही. या प्रकाराला तिकडे 'स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट' म्हणतात.

यातला खरा अन्याय मात्र पुढे आहे. ज्या कुटुंबाची ऐपत खर्चाहून मोठी ठरते, त्याला गरजेवर आधारित साहाय्य मुळातच नसते, म्हणून त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती सरळ वडिलांच्या खिशातला खर्च वाचवते. वजावटीची झळ पोहोचते ती अनुदानावर शिकणाऱ्यालाच. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही हा भेद पडतो. अल्प उत्पन्न गटासाठीच्या संघीय 'पेल ग्रँट'ला (२०२५-२६मध्ये कमाल ७,३९५ डॉलर) बाहेरच्या शिष्यवृत्तीमुळे सहसा कात्री लागत नाही, एवढे संरक्षण आहे.

मेरीलँडने २०१७ साली कायदा करून सार्वजनिक महाविद्यालयांच्या अशा कपातीला आळा घातला. कॅलिफोर्नियातही पेल ग्रँटला पात्र विद्यार्थ्यांसाठी २०२३-२४पासून तसे बंधन आले. इतर बहुतेक राज्यांत मात्र निर्णय महाविद्यालयाच्या धोरणावर सोपवलेला आहे, आणि ते धोरण प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घेणे हा विद्यार्थ्याचा हक्कच मानला पाहिजे. शिष्यवृत्ती लपवणे हा उपाय नव्हे, कारण ती कळवणे बंधनकारक असते आणि जास्तीचे दिलेले साहाय्य परत मागितले जाते. करही लक्षात घ्यावा लागतो: शुल्क व आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, निवास-भोजनावर खर्च झालेली नसते.

पुण्या-कोल्हापुरातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना संघीय साहाय्य मिळतच नाही. त्यांचे कर्ज बहुधा इथल्या बँकेचे असते. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांवरील कर्जात परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के 'मार्जिन', म्हणजे कर्जदाराने स्वतः उभा करायचा वाटा, अपेक्षित असतो, आणि शिष्यवृत्तीची रक्कम या वाट्यात धरली जाते. तिकडे अनुदान घटवणारी शिष्यवृत्ती इकडे पालकांच्या जमापुंजीचा भार उचलते, म्हणून तिचे मंजुरीपत्र कर्जाच्या अर्जासोबतच बँकेत द्यावे.