विशेष शाळा सुटल्यावर पुढे काय?

बौद्धिक दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हे वय स्पष्ट लिहिलेले आहे आणि विशेष शाळेचा पटही साधारण तिथेच संपतो. आयुष्य मात्र तिथे संपत नाही. औषधोपचार सुधारल्यामुळे डाउन सिंड्रोम असलेली माणसेही आता पन्नाशी-साठी गाठतात. २०११च्या जनगणनेत देशभरात १५ लाखांवर बौद्धिक दिव्यांगांची नोंद झाली, आणि त्यांतले असंख्य जण शाळेच्या वयापुढचे आहेत. त्यांच्या घरांत रोज विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: ‘आमच्या मागे याचं कसं होणार?’

या प्रश्नाची उत्तरे महाराष्ट्रात आहेत, पण ती एका छताखाली नाहीत. थोडी जिल्हाधिकारी कार्यालयात, थोडी महापालिकेत, थोडी पालकांच्या संघटनांत अशी विखुरलेली आहेत, आणि ती जुळवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून होते. अर्ज ऑनलाइन भरून शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी हे ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लहानपणी काढलेले प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याची मुदत आधी पाहावी, नाहीतर पुढचा प्रत्येक अर्ज तिथेच अडतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलगा कायद्याने सज्ञान होतो, आणि आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. हे अनेकांना कळते ते बँकेच्या खिडकीवर किंवा आजोबांच्या जमिनीच्या वाटणीत. यासाठी १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी ही समिती पालक नेमते. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दर आर्थिक वर्षानंतर जमाखर्च सादर करायचा असतो. पालक हयगय करत असेल किंवा पैसा खात असेल, तर त्याला काढण्याचा अर्जही इथेच होतो. कोर्टाच्या पायऱ्या न चढता एवढे संरक्षण मिळते, तरी अनेक कुटुंबे हा अर्ज आईवडील सत्तरीला येईपर्यंत लांबवतात. आईवडील गेल्यावर नवा पालक पुन्हा समितीमार्फतच नेमावा लागतो. म्हणून भावंडांशी त्याविषयी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवलेले बरे.

अर्थात प्रत्येकाला पालक लागतोच असे नाही. स्वतःचे पैसे सांभाळणाऱ्या आणि होय-नाही समजून सांगणाऱ्या प्रौढाचा निर्णयाचा हक्क केवळ सोयीसाठी काढून घेणे अन्यायाचे आहे. २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, म्हणजे ठरावीक बाबीत, ठरावीक मुदतीपुरता आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय.

कागद झाले तरी दिवस कसा जाणार हा प्रश्न उरतो. शाळा सुटलेला तरुण घरात बसला की वर्षभरात आंघोळीपासूनच्या शिकलेल्या सवयीही मागे पडू लागतात. त्यावर उपाय म्हणजे कार्यशाळा. पुण्याच्या कामायनी संस्थेने १९६४ साली काम सुरू केले आणि शाळेच्या जोडीला उद्योगकेंद्रही उभे केले. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेल्या प्रबोधिनीचे नावही याच वाटेवरचे. अशा कार्यशाळांत मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फायली, राख्या आणि पणत्या बनतात. मोजता न येणाऱ्यालाही डझनाचा खोका भरता यावा म्हणून फळीवर बारा गोल आखतात. प्रत्येक गोलावर एक पणती ठेवायची, एकही गोल रिकामा दिसला नाही की सगळ्या खोक्यात भरायच्या. आकडा फळीवर असतो, काम त्याचे स्वतःचे असते, आणि महिन्याअखेर हातात पडणारे विद्यावेतन लहान असले तरी त्याच्या कमाईचे असते. सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटांना मिळून आहे.

पैशाचा आधार थोडा-थोडा करूनच गोळा होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळते, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. रेल्वेत एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्याला स्लीपर आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात ७५ टक्के सवलत आहे, सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी मागितल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा. सरकारी नोकरांच्या कमावू न शकणाऱ्या मुलांना आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, पण त्यासाठी कर्मचाऱ्याने हयातीतच मुलाची नोंद कार्यालयात करून ठेवलेली चांगली.

सर्वांत मोठी टंचाई राहण्याच्या जागेची आहे. ज्या आहेत त्या बहुतांशी पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ आहे, बदलापूरला ‘आधार’ आहे. मुळशी तालुक्यात कोळवण परिसरात साधना व्हिलेजने वसतिगृहाऐवजी कुटुंबासारखी छोटी घरे केली, आणि तिथले प्रौढ शेती, गोठा, स्वयंपाक यांत वाटा उचलतात. जागा शोधताना इमारत पाहण्यापेक्षा रात्री सोबत किती माणसे असतात, औषधे कोण देते, आधी न कळवता घरच्यांना भेटायला येता येते का, हे विचारावे. आणि कायमचे पाठवण्याआधी आठ-पंधरा दिवस ठेवून पाहावे. जाणाऱ्याबरोबर एक वही द्यावी: काय खातो, कशाला घाबरतो, दुखले तर कसे सांगतो. बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत ही वही औषधांच्या चिठ्ठीइतकीच मोलाची ठरते.

ज्यांना घरच नाही त्यांची अवस्था अधिक बिकट. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बेवारस दिव्यांगांनी जायचे कुठे, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. त्यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांना स्वतःचे नाव दिले आणि अठरानंतरही तिथेच ठेवले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा ही त्यांची मागणी आहे.

हक्क डावलला गेला तर तक्रारीची जागा पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात आहे. आयुक्तांना सुनावणीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. जिल्ह्यात पहिली चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करता येते.