‘आजी’, ‘भोर’ आणि मधलं वाक्य

न बोलणाऱ्या किंवा अगदी मोजकंच बोलणाऱ्या एखाद्या स्वमग्न मुलीने टॅबलेटवर दोन चित्रं दाबली असं समजा : ‘आजी’ आणि ‘भोर’. आता वाक्य कोणतं? ‘आजी भोरला गेली’? ‘मला आजीबरोबर भोरला जायचंय’? की ‘आजी भोरहून कधी येणार’? वाक्य संगणकाने बनवायचं ठरवलं, की अडचण इथेच सुरू होते.

चित्रं दाबून बोलायची साधनं आपल्याकडे आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही चालतं. चित्र आणि ‘आवडतं’, ‘आवडत नाही’ असं बटण दाबलं की आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं वाक्य ते बोलतं. व्याकरण चुकत नाही, पण जे लिहून ठेवलेलं नाही ते बोलताही येत नाही. आयत्या वेळी वाक्य रचायचा प्रयत्न आयआयटी खरगपूरच्या ‘संयोग’ या प्रणालीने केला होता, तो सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी.

मराठीत हे काम चांगलंच किचकट आहे. भोरचं ‘भोरला’ होतं, पण वेल्ह्याचं ‘वेल्हेला’ होत नाही. (तालुक्याचं सरकारी नाव आता राजगड झालंय, म्हणजे शब्दसंग्रहात दोन्ही हवीत.) ‘मी भाकरी खातो’ की ‘खाते’ हे बोलणाऱ्यावर ठरतं. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी भात खाल्ला’ इथे मात्र क्रियापद मुलाकडे बघतच नाही, ताटाकडे बघतं! तरी हे सगळं नियमांत बसवता येतं. कंटाळवाणं आहे, अशक्य नाही.

अर्थाचं तसं नाही. आजची भाषा-मॉडेलं दोन शब्दांवरून गुळगुळीत वाक्य देतात, पण ते असतं इतर लोक बहुतेक वेळा काय म्हणतात त्याचा अंदाज. आपल्याला ‘अहो, तसं नाही’ म्हणता येतं. या मुलीची अडचण नेमकी तीच आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टाइप करून घेण्याची पद्धत गाजली. मग चाचणीत मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तर टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. हात धरणाऱ्यांनी मुद्दाम फसवलं होतं असंही नाही, त्यांनाही ते कळत नव्हतं. अंदाजाने वाक्य पुरं करणारं मॉडेल त्याच वाटेने जाऊ शकतं.

म्हणून मला चेन्नईच्या अजित नारायणन यांची कल्पना जास्त पटते. ‘आवाज’ हे अ‍ॅप त्यांचंच. २०१३ साली त्यांनी ‘फ्रीस्पीच’ मांडलं. त्यात मूल शब्दांची रांग लावत नाही, तर कोण, काय, केव्हा अशा प्रश्नांनी शब्द जोडतं. व्याकरण संगणक बघतो. मराठीत तर प्रश्नातच प्रत्यय लपलेला असतो. ‘कुठून?’ निवडलं की ‘भोरहून’, ‘कुणाबरोबर?’ निवडलं की ‘आजीबरोबर’. अर्थ मुलीचा, प्रत्यय यंत्राचा. शिवाय ‘यातलं काहीच नाही’ हे बटण पडद्यावर कायम हवं. आणि घरात ‘पायजे’ म्हणत असतील तर यंत्राने ‘हवे आहे’ का म्हणावं? तेही बदलता आलं पाहिजे.

‘यंत्राची सवय लागली तर बोलायचं राहूनच जाईल’ ही आईवडिलांची भीती खरी असते, पण पुरावा उलटा आहे. विकासात्मक अक्षमता असलेल्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २००६ साली आला. त्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंच.

राहिली रेंज. मोठी मॉडेलं सहसा दूरच्या सर्व्हरवर चालतात. डोंगराआडच्या वाडीत नेटवर्क गेलं की ती गप्प. नियमांचं छोटं व्याकरण फोनमध्येच मावतं, पण फोनची बॅटरीही संपतेच. म्हणून रोजची वीस-पंचवीस चित्रं, त्यात ‘नको’ आणि ‘थांब’ धरून, छापून लॅमिनेट करा आणि दप्तरात ठेवा.