नॉटपेड पत्राचा सिनेमा

मंडळाचं पावतीपुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या बोळाच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान होतं. तिथले काका दर वर्षी अकरा रुपयांची पावती फाडायचे, तीही अर्धा तास ताटकळत ठेवून. पण गणपती बसले की पहिल्या संध्याकाळी मांडवात सगळ्यांच्या आधी हजर! माळेतला एखादा दिवा गेलेला दिसला की विचारायचे, "माझ्या अकरा रुपयांचा दिवा हाच का रे?" तेव्हा त्यांचा राग यायचा. देणगीदार आपलं नाव कोनशिलेवर शोधतो आणि वर्गणीदार मांडवात येऊन उभा राहतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

सिनेमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरलेल्या एका मंडळाबद्दल वाचलं तेव्हा मला आधी हे काका आठवले. मंडळाचं नाव 'ओडेसा कलेक्टिव्ह'. केरळात १९८४ साली जॉन अब्राहम आणि त्याच्या मित्रांनी ते उभं केलं. (हिंदीतला नट वेगळा. या जॉनचं नाव काढलं की हा खुलासा करावाच लागतो.) नाव घेतलं ते आयझेनश्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधून. ओडेसा शहरातल्या त्या लांबलचक पायऱ्या, वरून उतरत येणारे बंदूकधारी शिपाई आणि घरंगळत जाणारी बाबागाडी सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. जॉनलाही असणारच. बळ्ळारीतली एलआयसीची नोकरी सोडून तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला होता. तिथे ऋत्विक घटक त्याचे गुरू. घटकांच्या वर्गातून मणी कौल आणि कुमार शहानी यांच्यासारखे दिग्दर्शक बाहेर पडले. कौलांच्या 'उसकी रोटी'वर जॉनने साहाय्यक म्हणून कामही केलं.

पुढे त्याने तमिळमध्ये 'अग्रहारत्तिल कळुदै' केला, म्हणजे अग्रहारातलं गाढव. ब्राह्मणवस्तीतला एक प्राध्यापक गाढवाचं पोरकं शिंगरू पाळतो आणि वस्तीचं पित्त खवळतं. या सिनेमाला १९७७ सालचा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने पुढच्या सिनेमाचे पैसे येत नाहीत. १९७९ नंतर सात वर्षं जॉनचा एकही सिनेमा आला नाही.

ओडेसाचा हिशेब साधा होता. निर्मात्याला पैसे वसूल करायचे असतात, म्हणून तो गोष्टीत हात घालतो. वितरकाला थिएटर भरायचं असतं, म्हणून तोही घालतो. दोघांनाही बाजूला सारायचं तर पैसा प्रेक्षकाकडूनच यायला हवा, आणि सिनेमाही थेट त्याच्यापर्यंत जायला हवा. कागदावर हे कुणालाही सुचेल. ही मंडळी खरोखरच निघाली. ढोल वाजवत गावात शिरायचं, माणसं गोळा करायची, लोकांच्या सिनेमासाठी पैसे मागायचे. नुसतं मागून भागत नाही, म्हणून चार्ली चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा.

'द किड'ची निवड मला फार हुशारीची वाटते. सिनेमा १९२१चा आणि मूक, म्हणजे भाषेची अडचण नाही. फाटक्या कपड्यांतला एक माणूस टाकून दिलेलं पोर वाढवतो, ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पोरगं दगड मारून काचा फोडतं आणि पाठोपाठ चार्ली नव्या काचा विकायला हजर होतो, तिथे खेड्यातलं म्हातारंकोतारंही हसणारच. आणि हसून झाल्यावर खिशात हात घालणं जरा सोपं जातं. आमच्या मंडळाला हे कधी जमलं नाही. आम्ही आधी पैसे मागायचो आणि मग मेळा दाखवायचो.

या पैशातून जो सिनेमा झाला त्याचं नाव 'अम्मा अरियान', १९८६. मराठीत सांगायचं तर 'आईला कळावं म्हणून'. आपल्या जुन्या पत्रांत 'तीर्थरूप आईस' असा मायना घालून मजकूर सुरू व्हायचा, तसाच सूर. पुरुषन नावाचा तरुण दिल्लीला निघालेला आहे. पत्र पाठवत जाईन, असं त्याने आईला कबूल केलंय. वाटेत, वायनाडच्या डोंगराळ भागात, त्याला एक प्रेत दिसतं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. मित्रांना विचारत गेल्यावर उलगडा होतो, की हा हरी, तबला वाजवणारा. त्याची आई कोचीला राहते. तिला कळवायला हवं. मग पुरुषन दिल्लीचा नाद सोडतो आणि उलट्या दिशेने निघतो. एका मित्राला घेतो, त्याच्यासोबत दुसऱ्याकडे जातो, दोघं मिळून तिसऱ्याकडे. प्रत्येक घरी एक आई असते. वायनाडहून कोचीला पोचेपर्यंत ती दोन-चार पोरं राहत नाहीत, जथा होतो. वाटेत विद्यार्थ्यांची आंदोलनं येतात, कामगारांचे लढे येतात, आणि कुठे कथा संपून माहितीपट सुरू झाला हे सांगता येत नाही. पुरुषनचं काम जॉय मॅथ्यूने केलं, कॅमेरा वेणूचा, संकलन बीना पॉल यांचं. सगळा सिनेमा कृष्णधवल.

मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा, खरं सांगतो, मध्ये डुलकी लागली. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की सिनेमातली पोरं जे करतात तेच सिनेमा काढणाऱ्यांनी केलं होतं. दारोदार जायचं, हाक मारायची, एकेक माणूस जोडत पुढच्या गावाला लागायचं. वर्गणीची फेरी आणि पडद्यावरची फेरी एकच आहे. आणि पत्राचंही तसंच. पूर्वी तिकीट न लावता पत्र टाकलं की ते नॉटपेड व्हायचं, म्हणजे ज्याच्या नावे आलं त्यानेच पोस्टमनला पैसे मोजायचे. 'अम्मा अरियान' हे असंच पत्र, फक्त याचे पैसे लोकांनी ते लिहून व्हायच्या आधीच मोजले होते.

सिनेमा तयार झाल्यावर तो ज्या वाटेने पैसा आला त्याच वाटेने परत गेला. केरळात त्याचे खेळ धंद्यासाठी नव्हे, नुसते दाखवण्यासाठी होत राहिले. जॉनला मात्र ते फार काळ बघता आलं नाही. मे १९८७मध्ये कोझिकोडला एका इमारतीवरून पडून तो गेला. वय एकोणपन्नास. ओडेसाची पुढची धुरा वाहणारा सत्यन तर 'ओडेसा सत्यन' याच नावाने ओळखला जाऊ लागला, म्हणजे आपल्याकडे मंडळाचं नाव कार्यकर्त्याला चिकटतं तसं.

वर्गणीच्या सिनेमाची दुसरी, आपल्या जास्त ओळखीची गोष्ट गुजरातची. श्याम बेनेगलांचा 'मंथन' १९७६चा. सहकारी दूधसंघांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले, १० लाख जमले. इथे ढोल वाजवावा लागला नाही. आपल्याकडेही डेअरीत दूध घालणाऱ्याला कपात म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माप होतं, फॅट लागते, हिशेब होतो आणि बिलातून काहीबाही वजा होतं. हे २ रुपयेही तसेच वजा झाले. यंत्रणा तयार होती, दूधसंघांची चळवळ उभारणाऱ्या वर्गीस कुरियन यांचा शब्द होता, आणि सिनेमाही त्याच सभासदांच्या आयुष्यावरचा होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. दुधाच्या राजकारणात जात कशी मुरलेली असते हे पाहायला तेंडुलकरांसारखाच डोळा लागतो. स्मिता पाटीलची बिंदू आणि डॉ. मोहन आगाशेंचा देशमुख आजही ताजे आहेत. पैसा बेताचा असल्याने गोविंद निहलानींनी मिळेल त्या कंपनीची फिल्म वापरून चित्रण केलं. काही प्रसंगांत रंगाचा पोत बदललेला दिसतो त्याचं कारण हे.

सिनेमा लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून बघायला आले. आपण काढलेला सिनेमा आहे म्हटल्यावर येणारच. पुढे त्याच्या छोट्या प्रती घेऊन जनावरांचे डॉक्टर आणि दूधसंघाची माणसं इतर राज्यांतल्या खेड्यांत गेली. पैसा दुधाच्या वाटेने आला होता, सिनेमाही दुधाच्या वाटेने गेला. २०२४ साली कानच्या महोत्सवात 'मंथन'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. मूळ निगेटिव्ह पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने जपून ठेवली होती.

हल्ली गोळा करणं सोपं झालंय. ओनीरचा 'आय ॲम' ४००हून अधिक लोकांच्या पैशांतून झाला. पवन कुमारने २०१३च्या कन्नड 'लुसिया'साठी इंटरनेटवर हाक दिली आणि शंभराहून जास्त लोकांनी सुमारे ५० लाख रुपये उभे केले. 'लुसिया' थिएटरात चालला, गाजला, त्याचा तमिळमध्ये रीमेकही झाला. पण तिथे पैसे देणारे गुंतवणूकदार होते आणि ही जातच वेगळी. गुंतवणूकदार परतावा विचारतो, दिवा कुठला ते विचारत नाही.

चारेक वर्षांपूर्वी मीही एका मराठी लघुपटाला ५०० रुपये दिले. घरबसल्या, फोनवरून, अर्ध्या मिनिटात. दारात कुणी आलं नाही, ढोल वाजला नाही, चॅप्लिन तर नाहीच. वर्षभराने मेल आली. सिनेमा पूर्ण झाला होता, दुवा सोबत होता, तो ४८ तास चालणार होता आणि शेवटच्या नामावलीत आभार मानले होते. मी तेव्हा लग्नकार्यासाठी गावी होतो, मेल तिसऱ्या दिवशी उघडली. दुव्याची मुदत संपली होती. माझ्या पाचशे रुपयांचा दिवा लागला की नाही, हे विचारायला मांडव कुठे आहे तेच मला अजून सापडलेलं नाही.