भिंतीवरचें चित्र आणि दप्तरांतलें चित्र

नागपुरांतील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत आजोबांचें पगडी-उपरण्यांतलें छायाचित्र असावयाचेंच. तें हौसेनें काढविलेलें असे. परंतु त्याच यंत्रानें काढलेलीं आणि कोणीही भिंतीवर न लावलेलीं छायाचित्रें पोलिसांच्या दप्तरांत जात. त्यांविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

पॅरिसच्या पोलिसखात्यांतील आल्फाँस बेर्तियों यानें १८८२ च्या सुमारास कैद्यांचीं अंगें मोजून नोंदण्याची पद्धत काढली. तींत एक समोरून व एक बाजूनें अशीं दोन छायाचित्रें रूढ झालीं. नांव बदलतां येतें, दाढी काढतां येते, कानाची घडण बदलत नाहीं. आपल्याकडे पुढें बोटांचे ठसे अधिक सरस ठरले आणि १८९७ त कलकत्त्यास त्यांची कचेरी निघाली.

येथवर आमची तक्रार नाहीं. चोर धरला, त्याची ओळख ठेविली. परंतु हिंदुस्थानांत १८७१ सालींच जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला होता. १८८२ त मेजर गन्थॉर्प यांनीं मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत यांतील अशा जमातींवर पुस्तक लिहिलें. १९१६ त रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यांत पारध्यांमध्यें टाकणकार गणले आहेत. टाकणकार म्हणजे कोण? जात्याला टाकी लावणारा! आपल्या आजीनें ओसरीवर बसवून ज्याच्यापुढें जातें ठेविलें आणि जातांना ज्याच्या पदरांत पसाभर दाणे घातले, तोच हा मनुष्य.

१९११ च्या कायद्यानें, गुन्हेगार म्हणून जाहीर झालेल्या जमातींतील ज्याचें नांव नोंदवहींत चढलें, त्याचे ठसे कोणताही अपराध शाबीत नसतांना घेतां येऊं लागले. याच्या शेजारीं १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा ठेवून पाहावा. त्यांत शिक्षा झालेल्याचें छायाचित्र काढण्याची मुभा होती, तपासाकरितां मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानेंही तें काढतां येई. पण पूर्वीं शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटला, तर कोर्टानें निराळा हुकूम केला नसल्यास तें नष्ट करावयाचें असे. म्हणजे खटल्यांत सांपडलेल्यास सुटकेची वाट होती. जो कधीं खटल्यांतच सांपडला नाहीं, केवळ जन्मानें वहींत आला, त्यानें सुटावें कशांतून?

तो जमातींचा कायदा १९५२ त रद्द झाला व त्या लोकांस विमुक्त म्हणूं लागले. १९२० चा कायदा २०२२ पर्यंत टिकला. त्याच्या जागीं आलेल्या कायद्यांत डोळ्यांतील बुबुळाचीही नोंद आहे, आणि ती ७५ वर्षें ठेवावयाची आहे.